सातवी बाजू

माझ्या फाशांच्या पिशवीत एक सात बाजूंचा फासा आहे. न बघता पिशवीत हात घातला तरी तो बोटांना लगेच कळतो. पाच बाजू गोलाकार उभ्या आणि दोन्ही टोकांना एकेक पंचकोन. पाच धारांच्या जाड पेन्सिलीचा बोटभर तुकडा कापून घ्यावा तसा. मैत्रिणीनं तो पहिल्यांदा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा वाचायचा कसा हेही मला समजेना. पंचकोनावर उभा राहिला तर वरच्या पंचकोनावरचा आकडा दिसतो, ते सोपं. पण आडवा पडला की वर बाजू येतच नाही, कड येते. म्हणून त्याचे पाच आकडे कडांपाशी लिहिलेले असतात.

"हा खरा पडतो का गं?" मी विचारलं. सातही आकड्यांना सारखी संधी आहे का, असं मला म्हणायचं होतं.

"टाकून बघ," ती म्हणाली.

त्या रात्री मी तो सातशे वेळा टाकला. वहीत सात रकाने आखले, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी असं मोजत गेले. प्रत्येक आकडा साधारण १०० वेळा यायला हवा होता. दहा-वीस इकडेतिकडे होणारच, तेवढा नशिबाचा हक्क. पण लाकडी टेबलावर दोन्ही पंचकोनांचे रकाने त्याहून बरेच आखूड राहिले. दुसऱ्या दिवशी टेबलावर जाड चादर चौपदरी घालून पुन्हा सातशे वेळा टाकला, तर तेच दोन रकाने भराभर वाढायला लागले. फासा तोच, हात तोच. फक्त पडण्याची जागा बदलली होती. मी वही मिटली आणि बराच वेळ तो फासा बोटांत फिरवत बसले.

फासा टाकल्यावर जे पडतं त्याला मराठीत दान म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. दान पडतं. ते आपण घेत नाही, मागून मिळत नाही, आणि त्यात कुणाचा हात असता कामा नये. टेबलाभोवती बसलेली माणसं त्या दोन क्षणांत काही करू शकत नाहीत, म्हणूनच सगळ्यांचे श्वास एकदम थांबतात. चमत्कारिक फासे जमवायला लागल्यापासून मला प्रत्येक फाशात एकच प्रयत्न दिसतो: पडेल ते दान खरं राहावं. पण तिथवर पोचायची प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर वाट आकाराची. गोष्टीतलं एखादं पात्र होऊन खेळायच्या, भूमिका वठवण्याच्या खेळांसाठी जो नेहमीचा संच मिळतो, त्यात ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे असतात. या पाच आकृत्या कुणी खेळासाठी निवडल्या नाहीत. निवडायला सहावी नाहीच. सगळ्या बाजू एकाच नियमित आकाराच्या हव्यात, प्रत्येक कोपऱ्यात तितक्याच बाजू भेटायला हव्यात, ही अट घातली की एवढ्याच पाच उरतात. ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथातल्या तेराव्या पुस्तकाचा शेवट याच सिद्धतेनं होतो. कारण हातानं करून बघण्याइतकं सोपं आहे. कोपऱ्यात भेटणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी हवी, नाहीतर कोपरा उभाच राहत नाही. पुठ्ठ्याचे समभुज त्रिकोण तीन, चार किंवा पाच जोडता येतात. सहावा जोडला की सगळं जमिनीवर सपाट. चौरस तीनच जमतात, नियमित पंचकोन तीनच. संपलं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इजिप्तमधला एक २० बाजूंचा दगडी फासा आहे, बाजूबाजूवर एकेक ग्रीक अक्षर कोरलेला. त्याचा काळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. चौथं शतक यांच्या दरम्यानचा मानतात. पहिल्यांदा त्याचा फोटो पाहिला तेव्हा मी पिशवीतला माझा २० बाजूंचा फासा काढून शेजारी धरला. तेच कोपरे, तेच त्रिकोण. खेळाडू त्याला 'डी-ट्वेंटी' म्हणतात आणि तो फार अलीकडचा समजतात. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला आणि त्यानं हे पाच फासे घरोघरी नेले, हे खरंच आहे. पण आकार आपल्या जागी वाट बघत होता.

त्या संचात एक दहा बाजूंचाही फासा असतो, आणि तो या पाचांच्या घराण्यातला नाही. सुरुवातीच्या खेळाडूंकडे तो नव्हताच. ते २०च्या फाशावर ० ते ९ दोनदा लिहून काम भागवायचे. दहाच्या फाशाच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या, पाच वर आणि पाच खाली, करवतीच्या दातांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. पतंग काही नियमित बहुभुज नाही. तरी हा फासा खरा पडतो. असं कसं, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. उत्तर मिळालं ते डोळे मिटल्यावर. फासा बोटांत फिरवा आणि कुठल्याही एका बाजूवर अंगठा ठेवा. आकड्यांची खोच लागली नाही तर ही कुठली बाजू हे ओळखता येतं का? येत नसेल, प्रत्येक बाजूवरून उरलेला सगळा फासा अगदी तसाच लागत असेल, तर त्या फाशाला एखादी बाजू जास्त आवडण्याचं कारणच उरत नाही. बाजू नियमित असण्याची गरज नाही. ती दुसरीपासून वेगळी ओळखू येऊ नये, एवढंच पुरतं.

पर्सी डायकोनिस आणि जोसेफ केलर या गणितज्ञांनी १९८९ साली खऱ्या फाशांवर एक लेख लिहिला, त्यात हाच सममितीचा विचार नीट मांडलेला आहे. डायकोनिस तरुणपणी जादूगार होते, घर सोडून एका नामवंत जादूगाराबरोबर फिरले होते. पत्ते आणि फासे हातात असताना काय काय करता येतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्या माणसानं पुढे खरेपणावर काम करावं, याचं मला विशेष वाटतं.

आणि इथेच माझ्या सात बाजूंच्या फाशाचं दुखणं कळतं. अशा, एकही बाजू वेगळी ओळखू न येणाऱ्या, जितक्या म्हणून बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेल्या, घनाकृती आहेत, त्या सगळ्यांच्या बाजूंची संख्या सम असते. सातची नाही, पाचची नाही, नऊची नाही. तीन, पाच, सात हवे असतील तर काहीतरी तडजोड करावी लागते. सहाच्या फाशावर १ ते ३ दोनदा लिहायचे, ही एक. खडूसारखा लांब फासा करून त्याची टोकं गोल किंवा टोकदार ठेवायची, म्हणजे तो टोकावर उभा राहूच शकत नाही, ही दुसरी. खरेपणाच्या दृष्टीनं ही अगदी निर्दोष आहे, कारण लांबीच्या बाजू एकमेकींहून वेगळ्या नसतात.

तिसरी तडजोड म्हणजे माझा फासा. तिच्यामागचा विचार मोठा लोभस आहे. समजा असा पंचकोनी तुकडा नाण्याइतका पातळ कापला, तर तो जवळजवळ नेहमी पंचकोनावर पडेल. हातभर लांब ठेवला, तर पंचकोनावर कधीच उभा राहणार नाही. मग पातळपासून लांबपर्यंत जाताना मधे कुठेतरी अशी एक जाडी यायलाच हवी, जिथे सातही बाजूंची शक्यता सारखी होते. यायलाच हवी, हे खरं. पण ती जाडी एका जागी थांबत नाही. टेबल कडक की मऊ, फेक जोराची की हळू, फासा उसळतो किती, घरंगळतो किती, यावर ती सरकते. लाकडावर बरोबर असलेली जाडी चादरीवर चुकते. माझ्या वहीतल्या रकान्यांनी मला हेच सांगितलं होतं, फक्त तेव्हा मला ते वाचता आलं नव्हतं.

हे कळल्यावर मी तो फासा बाजूला ठेवेन असं मैत्रिणीला वाटलं. मला तो अधिकच आपला वाटायला लागला. वीसच्या फाशाला खरेपणा जन्मतः मिळालेला आहे. सातच्या फाशासाठी कुणीतरी जाडी बदलून बदलून हजारो वेळा टाकून बघितलं असणार, मिलिमीटरच्या भागांशी झटापट केली असणार. तो पूर्ण खरा नाही, पण त्याच्यासाठी घेतलेले कष्ट खरे आहेत, आणि खेळताना एका रात्रीत तो आठ-दहा वेळा टाकला जातो, तेवढ्यात ते पुरेसे असतात.

आम्ही त्याच्याशी खरोखर खेळतो. 'डंजन क्रॉल क्लासिक्स' नावाच्या खेळात ३, ५, ७, १४, १६, २४, ३० अशा बाजूंचे फासे नेहमीच्या फाशांच्या मधे बसवून एक साखळीच केली आहे. त्यातली एक पद्धत मला फार आवडते. परिस्थिती बिकट झाली की बऱ्याच खेळांत आलेल्या आकड्यातून काहीतरी वजा करतात. इथे फासाच एक पायरी खाली उतरतो. म्हणजे दोन्ही हातांत शस्त्रं घेऊन लढायचं ठरवलं, तर हातातला २०चा फासा खाली ठेवून १६चा उचलावा लागतो. वजाबाकी कागदावर होते आणि विसरली जाते. पण ओळखीचा फासा ठेवून त्याच्यापेक्षा अवघडलेला दुसरा उचलताना आपल्या पात्राचं काय होतंय ते हाताला कळतं. खेळ चालवणारा गेम मास्टर काही बोलत नाही, नुसता १६चा फासा पुढे सरकवतो, आणि टेबल शांत होतं.

बाजू वाढवत न्यायची हौसही जुनी आहे. लू झॉकी या फासे बनवणाऱ्या माणसानं १९८५ साली १०० बाजूंचा फासा आणला, झॉकीहेड्रन. तो दिसायला चेंडूच, अंगावर १०० लहान चपट्या टिकल्या असलेला. चेंडू थांबणार कसा? म्हणून तो आतून पोकळ ठेवून त्यात थेंबाच्या आकाराची सुटी वजनं घातली, ती हलून हलून त्याची गती खातात. तरी त्याच्या सगळ्या आकड्यांना सारखी संधी नाही असं चाचण्यांत दिसलं. मला तो थोडा केविलवाणा वाटतो, कारण दहाचे दोन फासे एकत्र टाकले, एकावर दशक आणि एकावर एकक वाचलं, की १००पर्यंतचं दान किती सहज आणि नेमकं पडतं. पण झॉकी यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो दुसऱ्या कारणासाठी. फासे गुळगुळीत करायला पिंपात घालून घुसळतात, त्यात कडा असमान झिजतात आणि फासा एका अंगानं अंड्यासारखा होतो, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. तेच ते २० बाजूंचे फासे वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून एकावर एक रचायचे आणि उंचीतला फरक लोकांना डोळ्यांनी दाखवायचे. त्यांचे स्वतःचे फासे धारदार कडांचे असत. आकार कागदावर कितीही निर्दोष असला तरी शेवटी तो प्लास्टिकमध्ये उतरावा लागतो. प्लास्टिकमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जड बाजू खाली जाऊ पाहते.

मग १२० बाजूंचा फासा. हेन्री सेगरमन आणि रॉबर्ट फॅथॉवर या दोघांच्या 'डाइस लॅब'नं तो २०१६ साली काढला. दोन निमुळते सुळके तळाशी जोडून किंवा पतंगांची माळ वाढवत नेऊन बाजू हव्या तेवढ्या करता येतात, पण ते फासे लवकरच भोवऱ्यासारखे होतात. ते सोडले तर सममितीनं खरा पडणारा १२०हून मोठा फासा नाही. ही शेवटची पायरी. १२० सारखे विषमभुज त्रिकोण, ६२ कोपरे. तो हातात घेतला तेव्हा मी आकार बघत होते. मैत्रीण म्हणाली, "आकडे बघ." त्या आकड्यांची मांडणी हे याचं खरं वैभव. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज १२१ येते, हे नेहमीचंच. साध्या फाशावर ती ७ असते, २०च्या फाशावर २१. पण इथे जिथे चार बाजू भेटतात त्या प्रत्येक कोपऱ्याभोवतीची बेरीज २४२ आहे. जिथे सहा भेटतात तिथे ३६३. जिथे दहा भेटतात तिथे ६०५. सगळीकडे, एकही अपवाद न करता. भागाकार करून बघा, प्रत्येक ठिकाणी सरासरी ६०.५च येते. ही मांडणी रॉबर्ट बॉश या गणितज्ञाबरोबर, संगणकाच्या मदतीनं शोधली.

याचा उपयोग काय, असं विचारलं तर आहे. फासा साच्यातून जरासा वेडावाकडा निघाला, एका अंगानं थोडा जड झाला, तरी त्या अंगाला मोठे आकडे गोळा झालेले नाहीत. प्रत्येक कोपऱ्याच्या परिसरात लहान आणि मोठे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे चूक झाली तरी तिचा फायदा एकाच टोकाच्या आकड्यांना मिळत नाही. घडणीत चूक राहणार हे आधीच धरून तिची धार बोथट करून ठेवली आहे. मी त्या फाशावर खिळ्याच्या टोकाएवढे आकडे वाचत तासभर बेरजा करत होते. प्रत्येक वेळी ६०५ आलं की मला उगीचच आनंद होत होता.

पण ज्या फाशानं मला झोप लागू दिली नाही तो या नव्या फाशांहून कितीतरी जुना आहे, आणि आता अस्तित्वात नाही.

बहुपैलू फासे पूर्व आशियातही फार आधीपासून होते. चीनमध्ये मानचंग इथल्या हान काळातल्या राजघराण्याच्या थडग्यात, राणी दोउ वान हिच्या दफनात, १८ बाजूंचा कांस्याचा फासा मिळाला. सोळा बाजूंवर १ ते १६ आणि उरलेल्या दोनांपैकी एकीवर 'मद्य आणा' अशा अर्थाची अक्षरं. कोरियात ग्योंगजू इथे, सिल्ला राजवटीच्या राजवाड्याजवळच्या आनापजी तळ्यातून १९७५ साली एक लाकडी फासा वर आला, १४ बाजूंचा. त्याला आता जुर्योंग्गू म्हणतात. सहा चौरस आणि आठ षटकोन. बाजूंवर आकडे नाहीत, मेजवानीतली कामं कोरलेली आहेत: एका दमात तीन प्याले पी, संगीताशिवाय नाच कर, अशी. इतकी शतकं चिखलात राहिलेलं लाकूड. ते टिकवायचं म्हणून यंत्रात वाळवायला ठेवलं, आणि तिथे ते जळून गेलं. आधी घेतलेल्या मोजमापांवरून केलेल्या प्रतिकृती तेवढ्या आज आहेत.

चौदा सम आहे खरं, पण चौरस आणि षटकोन एकत्र असलेला फासा डोळे मिटून ओळखता न येणारा नाही. अंगठ्याला चौरस लगेच कळतो. म्हणजे सममितीची हमी इथे नाही. तरीही त्या फाशाची मापं वाचताना मी थबकले. चौरसाची बाजू साधारण २.५ सेंटिमीटर, आणि षटकोन असे कापलेले की त्यांचं क्षेत्रफळ चौरसाच्या अगदी जवळ येतं. षटकोनाच्या तीन कडा लांब आणि तीन अगदी आखूड, त्यामुळे तो टोकं छाटलेल्या त्रिकोणासारखा दिसतो; डौलदार दिसावा म्हणून कुणी असा कापणार नाही. मी कागद घेऊन मध्यबिंदूपासूनचं अंतरही काढलं. चौरसापर्यंत आणि षटकोनापर्यंत ते जवळजवळ एकच येतं. पिण्याच्या खेळासाठी केलेलं एक लाकडी खेळणं, आणि त्यात कुणाच्याही वाट्याला एखादी शिक्षा जास्त वेळा येऊ नये म्हणून इतकी काळजी घेतलेली.

गेल्या महिन्यात मी तो फासा करायला घेतला. लाकडाच्या ठोकळ्यातून आधी अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा आकार, काढला आणि मग त्याचे सहा कोपरे कानशीनं उतरवले, थोडे थोडे, मोजपट्टी लावत. आकडे पेन्सिलीनंच लिहिले आहेत, समोरासमोरची बेरीज १५. सातच्या फाशाची तीच वही उघडली आणि चौदा रकाने आखले. चौदाशे वेळा टाकला. ९ जरा जास्त पडतो. तो एका चौरसावर आहे, म्हणजे त्याच्या समोरचा ६चा चौरस जास्त वेळा खाली टेकतो.

माझ्या आधी लक्षातच आलं नाही. जास्त टेकणारी बाजू घासावी असं वाटतं, आणि मी ती घासलीही. घासल्यावर तो चौरस आणखी रुंद झाला, मध्याच्या आणखी जवळ गेला, आणि ९ आणखी जास्त पडायला लागला. कमी करायचा असेल तर त्याला हात न लावता शेजारच्या बाजू घासायला हव्यात, म्हणजे चौरस आपोआप लहान होतो. पण त्या चारही षटकोनांना दुसरेही शेजारी आहेत, तेही बदलणार.

मैत्रीण काल म्हणाली, "किती दिवस हे चालणार गं?" मी तिला पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला. आज आम्ही दोघी मिळून ६च्या शेजारचे दोन षटकोन केले, दोन उरले आहेत. लाकडाची बारीक पूड वहीच्या पानावर साठली आहे. ती झटकून उद्या नवे चौदा रकाने आखायचे.